पाठ टेकणारी माणसं

आबा टीव्हीवर डब्ल्यूडब्ल्यूएफ, म्हणजे अमेरिकेतली कुस्ती, बघायचे तेव्हा कुणाच्या चेहऱ्याकडे बघायचे नाहीत. पाठीकडे बघायचे. त्यातल्या अंडरटेकर नावाच्या पैलवानाचे डोळे पांढरे झाले की आम्ही पोरं ओरडायचो, स्टेडियममधला उजेड गेला की एकमेकांना चिकटून बसायचो. आबा आपले बाजेवर मांडी घालून, चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणून एकटक बघत असायचे. कुणी कुणाला डोक्यावर उचलून आपटलं की ते किंचित पुढं झुकायचे. पडलेला माणूस हलला की परत मागं टेकायचे.

आबा म्हणजे माझे आजोबा. तरुणपणी सात-आठ वर्षं कोल्हापुरातल्या एका तालमीत राहिलेले. दोन्ही कान मोडलेले, मान खांद्यात रुतलेली. किती कुस्त्या मारल्या असं कुणी विचारलं तर ते आकडा सांगायचे नाहीत. म्हणायचे, "माझ्या पाठीला माती लागलीया ती तीनदा." बस्स. मातीतल्या कुस्तीत सगळा हिशोब पाठीचा असतो. गुण नाहीत, फेऱ्या नाहीत. पाठ लागली की संपलं. हरण्याला आपल्याकडे शब्दसुद्धा तसेच आहेत: चीत झाला, पाठ टेकली, आस्मान दाखवलं. ज्या माणसानं पाठीला माती लागू नये म्हणून पहाटे साडेतीनला उठून हजार-हजार जोर-बैठका काढल्या, त्याला रोज संध्याकाळी वीस-वीस वेळा पाठ टेकणारे धिप्पाड गडी बघून खरं तर राग यायला हवा होता. तो कधी आला नाही.

ही गोष्ट १९९८-९९ च्या आसपासची. गावात केबल येऊन एखादं वर्ष झालं असेल. शाळेत आमच्याकडे डब्ल्यूडब्ल्यूएफचे पत्ते असायचे. गुळगुळीत कागदावर पैलवानाचा फोटो आणि खाली रँक, उंची, वजन, छाती, दंड. मधल्या सुट्टीत पिंपळाखाली बसून आम्ही "वजन!" म्हणून पत्ता आपटायचो आणि समोरच्याचा पत्ता घ्यायचो. गणिताचे पाढे अडायचे, पण कुणाचा दंड किती इंच ते झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता यायचं. अंडरटेकर सात वेळा मेलाय आणि परत आलाय, हे आमच्यात सगळ्यांना माहीत होतं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या आमच्या गावातच नव्हे, पुढं पुण्यात हॉस्टेलला भेटलेल्या लातूरच्या आणि जळगावच्या पोरांनाही हेच माहीत होतं. कुणी सांगितलं होतं, देव जाणे.

दिवाळीला माझा थोरला चुलतभाऊ कॉलेजातून आला आणि टीव्हीसमोर उभा राहून म्हणाला, "ह्ये सगळं ठरलेलं असतंय. कोण जिंकणार त्ये आधीच लिहिलेलं असतंय. नाटक हाय नाटक."

मला तो क्षण अजून नीट आठवतो. पोटात काहीतरी खाली गेल्यासारखं झालं. मी आबांकडे बघितलं, कारण कुस्तीतलं घरात तेच खरं बोलणार होते.

आबा टीव्हीवरची नजर न हलवता म्हणाले, "ठरलेलं असंल. पण पडलाय त्यो पडलाच की. त्याची हनुवटी बघ."

मी बघितलं. पुढच्या वेळी कुणी पडला तेव्हाही बघितलं. पडताना प्रत्येक जण हनुवटी छातीला चिकटवत होता. दोन्ही हात बाजूला पसरून तळवे एकदम जमिनीवर मारत होता. कंबरेवर नाही, मानेवर नाही, पाठीचा वरचा रुंद भाग एका दमात सपाट टेकत होता. 

दुसऱ्या दिवशी माळ्यावरच्या गाद्या खाली ओढून आम्ही तेच करून बघितलं. हनुवटीचं माझ्या लक्षात होतं, हातांचं राहिलं. मागं पडताना हात आपोआप मागं गेला आणि मनगट मोडलं. प्लास्टर निघाल्यावर मी आबांच्या मागं लागलो, मला पडायला शिकवा म्हणून. ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "आमास्नी वस्तादानं न पडायला शिकवलं रं. पडायला कुणी शिकवलं न्हाई. त्ये मी हितंच बघतोय."

पुढं कितीतरी वर्षं हा वाद मी ऐकत आणि घालत आलो: हा खेळ आहे की करमणूक? ऑफिसात कधी विषय निघाला तर लोक हसून सोडून देतात, मोठ्या माणसानं यावर बोलायचं नसतं अशा नजरेनं बघतात. पण मला हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा वाटत नाही. तो वाटतो त्याहून जुना आहे.

यात एक माणूस मला फार भेटावासा वाटतो. स्टॅनिस्लॉस झिबिस्को, मूळचा पोलंडचा. १० सप्टेंबर १९१० रोजी लंडनमध्ये त्याची गामा पैलवानाशी कुस्ती झाली. आपल्याकडे गामाच्या गोष्टी लहानपणापासून सांगतात, म्हणून ही कुस्ती किती रटाळ झाली होती हे वाचून मी चकित झालो. गामानं सुरुवातीलाच त्याला खाली घेतलं आणि झिबिस्को तसाच जमिनीला धरून राहिला. जवळजवळ अडीच तास. गामा वरून ओढतोय, पलटी द्यायला बघतोय, आणि खालचा अवजड माणूस चिखलात रुतलेल्या दगडासारखा हलत नाही. शेवटी बरोबरीत सोडवली. पुढच्या आठवड्यात परत लढायचं ठरलं, पण झिबिस्को आलाच नाही, आणि पट्टा गामाला मिळाला.

त्या अडीच तासांत या प्रश्नाचं निम्मं उत्तर आहे असं मला वाटतं. दोन तुल्यबळ माणसं खरोखर लढली तर बघणाऱ्याला पुष्कळदा काहीच दिसत नाही. आपल्या जत्रेत दगडावर बसून पुढच्या जोडीची वाट बघता येते, संध्याकाळ कुणाच्या बापाची नसते. अमेरिकेत तिकीट काढून हॉलमध्ये बसलेल्या माणसाला ते सोसलं नाही. १९२० च्या दशकात तिथल्या काही प्रवर्तकांनी कुस्तीला वेळेची मर्यादा घातली, डोळ्यांत भरणारी उचल-आपट आणली आणि कोण कधी जिंकणार हे आधी ठरवायला सुरुवात केली. ठरवाठरवी त्याआधीही जत्रांतल्या तंबूंतून चालायची, आता तिचा धंदा झाला. धंद्यातल्यांनी ते बाहेर कुणाला कळू द्यायचं नाही असा कडक दंडक पाळला. त्या गुपिताला त्यांच्यात 'केफेब' म्हणतात.

आणि यातच तो झिबिस्को परत भेटतो. वेन मन नावाच्या फुटबॉल खेळणाऱ्या एका धिप्पाड तरुणाला प्रवर्तकांनी विजेता केलं होतं. कुस्ती त्याला फारशी येत नव्हती, यायची गरजही नव्हती. एप्रिल १९२५ मध्ये फिलाडेल्फियात झिबिस्कोनं त्याच्याकडून हरायचं असं ठरलेलं होतं. चाळिशी केव्हाच ओलांडलेला तो माणूस रिंगणात उतरला आणि खरी कुस्ती लढला. मनला त्यानं परत परत चीत केलं. सगळ्या हॉलच्या डोळ्यांसमोर होत होतं, पंचाला निकाल देण्यावाचून इलाज राहिला नाही. पुढं १९२८ साली हाच झिबिस्को पतियाळाला आला, महाराजांच्या समोर गामाशी परत लढायला. मिनिटाच्या आत त्याची पाठ टेकली.

हा माणूस काय होता, खेळाडू की नट? लंडनला अडीच तास पाठ न देणारा तोच, आणि ठरवून पाठ द्यायच्या धंद्यात वर्षानुवर्षं राहिलेलाही तोच. फिलाडेल्फियात त्यानं केलं ते धंद्याच्या नजरेनं विश्वासघात होतं आणि खेळाच्या नजरेनं एकुलतं एक खरं. मला तरी त्याला एका खान्यात बसवता आलेलं नाही.

आपल्याकडे या प्रकाराला 'फ्रीस्टाईल' म्हणायचे. मुंबईत वरळीच्या वल्लभभाई पटेल स्टेडियमवर दारासिंग आणि किंग काँग नावाचा पैलवान यांच्या लढती बघायला माणसं लोटायची. तिथंच १९६८ साली दारासिंगनं अमेरिकेच्या लू थेझला हरवलं. ऑलिंपिकमधली फ्रीस्टाईल ही वेगळी, शुद्ध स्पर्धेची कुस्ती, जिच्यात आपल्या खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीत कांस्यपदक मिळवलं. पण मराठीत शब्द रुजला तो दारासिंगचा. सभागृहात दोन गट भिडले की आजही बातमी 'फ्रीस्टाईल हाणामारी' अशीच येते, 'ऑलिंपिक पद्धतीची' अशी नाही.

खरं तर आपल्या भाषेनं हा वाद घालायचं कारणच ठेवलेलं नाही. इंग्रजीत स्पोर्ट वेगळा आणि शो वेगळा. आपला 'खेळ' दोन्हीकडे राहतो. कबड्डीचा खेळ असतो, सर्कशीचा खेळ असतो, तमाशाचा खेळ असतो, टुरिंग टॉकीजचा रात्री नऊचा खेळ असतो. डोंबारी खेळ करतो तेव्हा दोरीवर चालणारी त्याची पोर कुणाला हरवत नसते, आणि ती खोटं चालतेय असंही कुणी म्हणत नाही. खाली दगड खरे असतात. 

माझी बायको कुडाळची. लग्नानंतर पहिल्या जत्रेला तिनं मला दशावतार बघायला नेलं. रात्री अकराला देवळासमोर सुरू झालं ते पहाटेपर्यंत. राजाचं आणि राक्षसाचं युद्ध आलं, पखवाज तापला, दोघं तलवारी परजत गरागरा फिरायला लागले, आणि माझ्या शेजारची म्हातारी पदर तोंडाला लावून पुढं सरकली. राक्षस मरणार हे तिला लहानपणापासून ठाऊक होतं. सकाळी मी त्यातल्या एका कलावंताशी बोललो. तोंडावरचा रंग पुसत तो सांगत होता की संवाद कुठं लिहिलेले नसतात. आख्यान कोणतं लावायचं ते संध्याकाळी ठरतं. कथा सगळ्यांना माहीत असते, बाकी समोरचा काय बोलतो त्यावर आपण बोलायचं. युद्धातही समोरच्याच्या पायाकडे बघून फिरायचं.

मी थक्क होऊन ऐकत राहिलो. अमेरिकेतले ते कुस्तीवालेही अगदी हेच सांगतात. शेवट ठरलेला, एखाद-दुसरा मोठा प्रसंग ठरलेला, आणि मधला बराचसा भाग रिंगणात, मिठी मारल्यासारखं दाखवत, एकमेकांच्या कानात कुजबुजून जागच्या जागी रचायचा. लोक कंटाळले असं वाटलं तर बदलायचा. आणि सतत समोरच्याच्या शरीराकडे लक्ष ठेवायचं, कारण तुम्ही त्याला उचललंत की त्याची मान तुमच्या हातात असते.

खोटं काय आणि खरं काय, याची वाटणी म्हणूनच मी अशी करतो. निकाल खोटा. वैर खोटं. ठोशातला पुष्कळसा जोर खोटा. पडणं मात्र खरं. त्या रिंगणाच्या खाली पोलादी सांगाडा असतो, त्यावर लाकडी फळ्या, त्यावर पातळसा फोम आणि वर ताणलेलं कॅनव्हास. गादी नव्हे. पहिल्यांदा त्यावर पडणाऱ्याचा श्वास जातो. असं पडण्याला ते 'बंप' म्हणतात, आणि वर्षाला दोनशे-दोनशे रात्री असे बंप घेणाऱ्यांच्या पिढ्या होऊन गेल्या. रक्त पुष्कळदा स्वतःच काढलेलं असतं, मनगटाच्या पट्टीत लपवलेल्या ब्लेडच्या तुकड्यानं. पण ते कुंकवाचं पाणी नव्हे, त्याचंच रक्त असतं.

२८ जून १९९८ ला पिट्सबर्गमध्ये अंडरटेकरनं मिक फोलीला, म्हणजे आमच्या पत्त्यांतल्या मॅनकाइंडला, पिंजऱ्याच्या छतावरून खाली टाकलं. १६ फूट उंच पिंजरा, खाली समालोचकांचं टेबल. ते पडणं ठरलेलं होतं. फोली उठला आणि परत वर चढला. मग अंडरटेकरनं त्याला छतावर आपटलं आणि जाळी तुटून तो आतल्या रिंगणात कोसळला. हे ठरलेलं नव्हतं. वरची खुर्ची त्याच्या मागोमाग तोंडावर आली. त्याचा दात तुटून नाकात गेला होता. त्या रात्री अंडरटेकरचाही पाय मोडलेला होता. तरी दोघांनी लढत पुरी केली, ठरल्याप्रमाणे फोली हरला. आमच्या घरात ती लागली तेव्हा पोरं उड्या मारत होती. आबा उठून टीव्हीजवळ गेले आणि म्हणाले, "बंद करा रं. लागलंय त्याला." कुणी बंद केला नाही. ते बाहेर जाऊन पायरीवर बसले.

मला राग येतो तो 'नाटक' म्हणणाऱ्यांचा नाही. १९८९ साली जे झालं त्याचा येतो. तोवर अमेरिकेतल्या अनेक राज्यांत या लढतींवर क्रीडा आयोगाची देखरेख असायची: परवाने, लढतीआधी डॉक्टरची तपासणी, शिवाय कर. त्या वर्षी डब्ल्यूडब्ल्यूएफच्या, म्हणजे विन्स मॅकमॅहन यांच्या कंपनीच्या लोकांनी न्यू जर्सीच्या लोकप्रतिनिधींपुढं स्वतःहून कबूल केलं की आमच्याकडे खरी स्पर्धा होत नाही, ही करमणूक आहे. इतक्या वर्षांचं गुपित त्यांनी कागदावर सोडून दिलं. खरेपणाची हौस म्हणून नव्हे. खेळ नाही म्हटलं की आयोगाचा परवाना नको, आयोगाचा डॉक्टर नको, टीव्हीच्या उत्पन्नावरचा कर नको.

म्हणजे प्रेक्षकापुढं छाती काढून 'विश्वविजेता' म्हणायचं आणि सरकारपुढं 'हा तर शो' म्हणायचं. रिंगणात उतरणारी माणसं कंपनीची नोकरदार नाहीत, स्वतंत्र कंत्राटदार आहेत, हेही त्याच चालीतलं. कंपनी सांगेल त्या गावी जायचं, सांगेल तसं हरायचं, सांगेल ते नाव लावायचं, आणि तरी कंत्राटदार. फुटबॉल-बेसबॉल खेळणाऱ्यांची संघटना आहे, सिनेमातल्या नटांची आहे. यांची नाही. खेळाडू म्हणून मिळायचं तेही नाही आणि कलावंत म्हणून मिळायचं तेही नाही. 'खेळ की करमणूक' हा प्रश्न टीव्हीसमोर बसून रंगवायला बरा वाटतो, पण त्याचं उत्तर कोण, कुठं आणि कशासाठी देतो यावर कुणाच्या तरी मानेचा सवाल असतो.

२३ मे १९९९. कॅन्सस सिटी. ओवेन हार्टला सुपरहिरोच्या वेशात स्टेडियमच्या छतावरून दोरानं खाली उतरवायचं होतं. तो कुस्तीतला डाव नव्हता, निव्वळ एन्ट्री होती. दोराची कडी वेळेआधी सुटली आणि तो ७० फुटांहून जास्त उंचीवरून रिंगणात पडला. चौतीस वर्षांचा होता. समालोचकाला टीव्हीवरून लोकांना सांगावं लागलं की हे कथानकाचा भाग नाही, हे खरं घडलंय. त्याला बाहेर नेलं आणि पुढच्या लढती सुरू झाल्या. कुठल्या खेळात असं चाललं असतं? आणि कुठल्या नाटक कंपनीनं, स्टेजवर माणूस गेल्यावर, त्याच रात्री पुढचा अंक केला असता? आमच्याकडे त्याचाही पत्ता होता. कुणीतरी शाळेत बातमी आणली तेव्हा एक जण म्हणाला, येतोय बघ परत, अंडरटेकर आला की सात वेळा.

आबांनी त्यांची एक गोष्ट मला फार उशिरा सांगितली. मी नोकरीला लागलो होतो, सुट्टीला आलो होतो, लोडशेडिंगमुळं अंगणात बसलो होतो. एका जत्रेत त्यांची एका मोठ्या नावाच्या पैलवानाशी जोड लागली होती. हँडबिलावर छापलं होतं, 'निकाली कुस्त्यांचे जंगी मैदान'. आदल्या रात्री गावातली दोन माणसं येऊन बसली. म्हणाली, पाव्हण्याची पाठ लावायची न्हाई, पुढच्या साली पण तो यायला पाहिजे, तुमचं इनाम तुम्हाला मिळंल. दुसऱ्या दिवशी हलगी कडाडत होती, हजारो माणसं होती. आबांनी शड्डू ठोकला आणि अर्धा तास नुसते खडाखडी करत राहिले. एकदा पाव्हण्याचा तोल गेला. घिस्सा मारला असता तर तो गेला असता. आबांनी पकड ढिली केली. कुस्ती बरोबरीत सोडवली आणि दोघांचे हात वर केले.

"हलगीवाल्याला कळलं," आबा म्हणाले. "त्यो माझ्याकडं बघत हुता. त्यानं हलगी थांबवली न्हाई, पण बघत हुता."

थोड्या वेळानं, मी काही न विचारता, ते म्हणाले, "टीव्हीवरच्या त्या लोकांनी माझ्यागत लबाडी न्हाई केली. त्यांचं बगणाऱ्यालाबी म्हाईत हाय. माझ्या कुस्तीत लागलं कुणालाच न्हाई, आन फसली सगळी जत्रा."

इनामाच्या पैशाचं काय केलं ते मी विचारलं नाही. वीज आल्यावर ते उठून आत गेले आणि पाणी प्यायले.

आबा ब्याऐंशी वर्षांचे असताना एका पावसाळी सकाळी मागच्या दारी न्हाणीच्या ओल्या फरशीवर पाय घसरून पडले. आवाज ऐकून मी धावलो. ते उताणे पडले होते, दोन्ही हात बाजूला पसरलेले, तळवे सपाट जमिनीला. बादली लवंडून पाणी त्यांच्या पाठीखालून वाहत होतं. मी मानेखाली हात घालायला गेलो तर त्यांनी डोळे उघडले. श्वास गेला होता, तो परत यायला थोडा वेळ लागला. मग आधी एक बोट हलवलं, मग दुसरं, मग मनगटं फिरवून बघितली.

"डोकं न्हाई लागलं," ते म्हणाले. "हनुवटी आत घेतली हुती."